सहा वर्षांची सिस्टर, नव्या शहरात ‘फ्रेशर’?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २९, शिक्षण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. बेळगावातल्या दीडशे खाटांच्या एका खाजगी हॉस्पिटलात सहा वर्षं नोकरी, त्यातली शेवटची चार मेडिकल आयसीयूत. नवऱ्याला आठ महिन्यांपूर्वी पुण्याजवळ चाकणच्या कंपनीत नोकरी लागली, मोशीत भाड्याचं घर घेतलंय. जूनमध्ये तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई यांच्यासह तिकडे जायचं ठरलंय. पुण्यातल्या चार हॉस्पिटलांना फोन केले. एकाने विचारलं, ‘महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का?’ दुसऱ्याने सांगितलं, ‘सध्या फ्रेशर म्हणून घेऊ, नंतर बघू.’ एक प्लेसमेंटवाला पंधरा हजार रुपये मागतोय. घराजवळच्या पंधरा खाटांच्या दवाखान्याने मात्र ‘उद्यापासून या, रजिस्ट्रेशन वगैरे काही लागत नाही, फक्त सर्टिफिकेटं आमच्याकडे जमा करा आणि दोन वर्षांचा बाँड लिहून द्या’ असं सांगितलं. सासूबाईंना हा दवाखाना पसंत आहे. नवरा म्हणतो, वर्षभर आराम कर. ‘तिथे आमची बेळगावी मराठी ऐकून हसतील, इंग्रजीही बेताचंच. परत शून्यापासून सुरू करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मिळेल ते धरू की थांबू?’

*

‘तू’ म्हणते, चालेल ना? निवृत्त होताना माझ्या वॉर्डातल्या बहुतेक मुली तुझ्याच वयाच्या होत्या, त्यामुळे तोंडात तेच येतं.

शून्याचं आधी बोलू. फ्रेशर म्हणून घेऊ असं तुला कोण म्हणालं? एचआरमधली फोन उचलणारी मुलगी. तिच्यासमोर एक तक्ता असतो. त्यात महाराष्ट्राचा रजिस्ट्रेशन नंबर नसला की उमेदवार आपोआप खालच्या रकान्यात जातो. आयसीयूतली चार वर्षं म्हणजे काय हे तिला माहीत नाही आणि तो तिचा दोषही नाही. ते ज्यांना कळतं त्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट, म्हणजे आपल्या भाषेत मेट्रन, त्यांच्याशी तू अजून एक शब्दही बोललेली नाहीस. तेव्हा तुझी किंमत कमी ठरली असं धरून चालू नकोस. ती अजून कुणी केलेलीच नाही.

आता तो रजिस्ट्रेशनचा प्रश्न. तो ऐकून तुला परकं वाटलं, आणि ज्यांनी तो विचारलाच नाही ते जवळचे वाटले. मला नेमकं उलटं दिसतं. आपल्याकडे नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. तुझी आहे कर्नाटकाच्या कौन्सिलकडे, बंगळुरूला. महाराष्ट्रात काम करायचं तर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद हवी. जे हॉस्पिटल हे विचारतं, तिथे तुझ्या शेजारी उभी राहणारी दुसरी सिस्टरही खरोखरची सिस्टर असण्याची शक्यता जास्त. एनएबीएच मानांकन असलेल्या हॉस्पिटलांना तर प्रत्येक नर्सची नोंदणी तपासून फाइलला लावावीच लागते. जो दवाखाना ‘काही लागत नाही’ म्हणतो, तिथे पांढऱ्या कोटातल्या किती जणी शिकलेल्या आहेत ते एकदा बघून ये. उद्या एखाद्या पेशंटला इंजेक्शनची रिअॅक्शन आली आणि पोलीस आले, तर डॉक्टर त्यांचा नंबर दाखवतील. तू काय दाखवणार?

म्हणून नोकरी शोधण्याची सुरुवात मोशीत करायचीच नाही, बेळगावातच करायची, आणि या महिन्यात. कर्नाटक कौन्सिलचं तुझं नूतनीकरण चालू आहे ना, ते आधी बघ. मुदत संपली असेल तर पहिलं काम ते. मग ना-हरकत प्रमाणपत्रासाठी तिकडे अर्ज कर. त्यांची पडताळणी इकडच्या कौन्सिलकडे येते, त्यानंतर इथला नंबर मिळतो. यात वेळ जातो आणि मध्येच एखादा कागद कमी आहे म्हणून फाइल परत येते. त्या वेळी तू बेळगावात असलीस तर शाळेत जाऊन सही आणता येते. मोशीतून तेवढ्यासाठी एसटी पकडणं किती जिवावर येतं ते मला विचार. तुझ्या नर्सिंग स्कूलला त्या वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता होती त्याचं पत्रही शाळेतून आत्ताच घेऊन ठेव. दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो प्रश्न येतोच.

आणि नाव! तुझ्या मार्कलिस्टवर, डिप्लोम्यावर, कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव असणार. आधारवर कुठलं आहे? लग्नानंतर नवऱ्याने हौसेने आधार बदलून आणलं असेल तर आधार एका नावाचं, पीएफ दुसऱ्या नावाचा आणि रजिस्ट्रेशन तिसऱ्याच स्पेलिंगचं, असा गोंधळ मी कितीतरी मुलींचा पाहिलाय. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर तो काढ. सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवायचं की दोन नावांचा दुवा जोडायचा हे अर्ज भरण्याआधी ठरव. नंतर ठरवायला गेलीस तर सगळं पुन्हा भरावं लागतं.

आता तुझी सहा वर्षं. ती तुझ्याबरोबर येतील, पण कागदावर उतरतील तेवढीच. अनुभवाचा दाखला म्हणून हॉस्पिटलं साधारण काय देतात तुला माहीत आहे: ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली.’ यात तुझी आयसीयू कुठे आहे? राजीनामा देतानाच, म्हणजे संबंध गोड असताना, इनचार्ज सिस्टरना सांगून दाखला नीट लिहून घे. हॉस्पिटलच्या एकूण खाटा किती, आयसीयूच्या किती, तू तिथे कधीपासून कधीपर्यंत होतीस, व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळलेस का, शिफ्ट इनचार्ज होतीस का. खाटांचा आकडा मी उगाच सांगत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी जी नॉरसेट परीक्षा होते, तिच्यात जीएनएमला किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुझ्याकडे सहा वर्षं आहेत, पण दाखल्यावर खाटाच लिहिलेल्या नसतील तर ती सहा वर्षं तिथे सिद्ध कशी करणार? आणि शेजारच्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षं घातलीस तर ती त्या हिशेबात धरलीच जाणार नाहीत.

नॉरसेटचा विषय निघालाच आहे तर सांगते. वयाची मर्यादा तीस आहे, राखीव प्रवर्गांना सवलत असते. तू २९ ची. एम्समधल्या ऐंशी टक्के जागा बायकांसाठी असतात आणि पगार लेव्हल सातचा, म्हणजे मूळ पगारच ४४,९०० पासून. पण पोस्टिंग देशात कुठेही. नागपूर मिळालं तर नशीब, नाहीतर पुन्हा नवं शहर, पुन्हा घर, पुन्हा भाषा. नवऱ्याशी हे आधी बोल. ‘वर्षभर आराम कर’ हे तो मायेनेच म्हणतोय, पण तुझ्या बाबतीत त्या वर्षाची किंमत हीसुद्धा आहे. घर लावायला, मुलीला रुळवायला दोन-तीन महिने घेतलेस तर कुणी विचारणार नाही. वर्ष झालं की मुलाखतीत विचारतात, आणि आपलाही हात बुजतो. मी बाळंतपणानंतर चौदा महिन्यांनी परतले तेव्हा पहिल्या दिवशी शीर सापडेना. पेशंटच मला म्हणाले, ‘सिस्टर, घाबरू नका.’

महाराष्ट्र सरकारची दारंही तुला बंद नाहीत, हे बेळगावच्या कितीतरी मुलींना ठाऊकच नसतं. सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र दावा सांगतो, तिथल्या उमेदवारांना इथल्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो, आणि बेळगाव त्यात येतं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तोही निघण्याआधी काढून ठेव. अधिपरिचारिकेची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, जाहिरात रोज निघत नाही आणि निघाली की मुदत जेमतेम असते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हॉस्पिटलंही अधूनमधून मानधनावर थेट मुलाखतीने भरती करतात. मानधन म्हणजे कायमची नोकरी नव्हे, पण त्यांच्या वायसीएमसारख्या मोठ्या हॉस्पिटलात सहा महिन्यांत जेवढं बघायला मिळतं तेवढं इतरत्र दोन वर्षांत मिळणार नाही.

सर्टिफिकेटं जमा करण्याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही, आधीच सांगते. मिरजेत ट्रेनिंग करून १९९४ साली मी ठाण्याला आले. पहिल्याच खाजगी हॉस्पिटलाने माझा मूळ डिप्लोमा ‘सेफ राहील’ म्हणून कपाटात ठेवून घेतला. मलाही ते आपुलकीचंच वाटलं. दहा महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या मुलाखतीचं पत्र आलं, मूळ कागदपत्रं घेऊन या. मी ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाला, कपाटाची चावी साहेबांकडे आणि साहेब गावाला. मुलाखतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी त्या बंद कपाटासमोर स्टुलावर बसले होते. ती नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली, पण सहा वर्षांनी. तेव्हा मूळ कागद दाखवायचे, समोर झेरॉक्स पडताळून घ्यायची आणि कागद पर्समध्ये परत. कुणी कितीही गोड बोलो. बाँडवर तर सहीच नको. नोटीस एक महिन्याची असो, दोन महिन्यांची असो, ती दोन्ही बाजूंना सारखी असली की झालं. आणि पंधरा हजारवाल्याला फोनच करू नकोस. नर्स मिळत नाहीत म्हणून हॉस्पिटलं रडतात आणि हा नर्सकडूनच पैसे मागतो.

मग सासूबाई चुकल्या का? अजिबात नाही. तू पत्रात त्यांचा दवाखान्याचा हट्ट लिहिलास, पण त्यामागचा विचार कुठे दिसला नाही. नवऱ्याची शिफ्ट, तुझी शिफ्ट, परकं शहर, अनोळखी सोसायटी आणि घरात तीन वर्षांची पोर. तिला सांभाळणार कोण? त्याच ना? त्या दवाखान्यातून तू दहा मिनिटांत घरी येशील एवढाच त्यांचा हिशेब असेल, आणि तो खरा आहे. माझं म्हणणं इतकंच की अंतराचा मुद्दा उचल आणि तो दवाखाना सोड.

कारण अंतरच नोकरी टिकवतं किंवा मोडतं, हॉस्पिटलचं नाव नव्हे. गावाहून येणारी मुलगी सगळ्यात मोठ्या नावाच्या हॉस्पिटलात अर्ज करते, नोकरी लागते, माहेरी पेढे वाटले जातात, आणि चौथ्या महिन्यात ती राजीनामा घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहते. विचारलं तर पगाराचं नाव नाही, कामाचं नाव नाही. दोन बस आणि एक रिक्षा. मोशीहून शिवाजीनगर-डेक्कन म्हणजे वीसेक किलोमीटर. मेट्रो मोशीला येत नाही. आधी पिंपरी किंवा नाशिक फाटा गाठायचा, मग गाडी. सकाळच्या ड्युटीला साडेसातला वॉर्डात हवं तर घरातून सहाला निघ. सगळ्या मुली नाइटला घाबरतात, पण जाण्यायेण्याच्या दृष्टीने नाइट सोपी: रात्री आठच्या आत पोचायचं आणि सकाळी उजाडल्यावर सुटायचं. खरी अडचण दुपारच्या ड्युटीची. हँडओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवून, राहिलेलं चार्टिंग उरकून बाहेर पडता पडता नऊ वाजतात आणि मग मोशीचा तो रस्ता. मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचार: रात्री नऊला सुटणाऱ्या सिस्टरांना गाडी आहे का, आणि असेल तर कुठपर्यंत? महिन्यात नाइट किती, सलग किती, नाइटनंतरची सुट्टी धरून किती ऑफ? रिलिव्हर आली नाही तर डबल ड्युटी कोण करतं आणि त्याचे पैसे मिळतात की सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेने पाळणाघराची सोय करायची असा कायदा आहे, तेही विचार. मात्र ते किती वाजेपर्यंत उघडं असतं हे सोबत विचार, नाहीतर सहाला बंद होणारं पाळणाघर आपल्या काय कामाचं?

म्हणून मी तुझ्या जागी असते तर पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यातली शंभर-दोनशे खाटांची हॉस्पिटलं आधी बघितली असती. घरापासून अर्ध्या-पाऊण तासात, आयसीयू असलेली. पुण्यातलं मोठं नाव दोन वर्षांनी, मुलगी शाळेत रुळल्यावर. तोवर इथला नंबर, इथला अनुभव आणि इथल्या ओळखी झालेल्या असतील.

जायचं ते फोनवर नव्हे, प्रत्यक्ष. एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांची रजा काढून ये. वेळ सकाळी अकराच्या आसपास. साडेसात ते नऊ हँडओव्हर आणि राउंड, दुपारी दीडनंतर पुन्हा हँडओव्हर, त्या वेळी मेट्रनसमोर उभं राहिलेल्या माणसाकडे त्या नुसतं बघतात. नर्सिंग ऑफिस कुठे विचार, एचआर नंतर. तिथे कागद देऊन गणित घालतात, त्याची तयारी ठेव. माझं आवडतं गणित हे होतं: पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये रक्तदाब वाढवणारं चार मिलिग्रॅम नॉरअॅड्रेनलिन, पेशंट साठ किलो, ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट द्यायचं, पंप कितीवर लावाल? इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी मुली इथे अडकायच्या. एकदा अशीच सीमाभागातली एक मुलगी आली होती. तिने पेन मागितलं, कागदाच्या कोपऱ्यात मिलीला ऐंशी मायक्रोग्रॅम एवढंच लिहिलं आणि म्हणाली, ‘साडेचार मिली तासाला. पण मॅडम, सेंट्रल लाइन हाय का बघून लावूलाले.’ हे औषध शक्यतो मोठ्या शिरेतल्या नळीतून, म्हणजे सेंट्रल लाइनमधून द्यायचं, हे तिला ठाऊक होतं. मी तिला पुढे काही विचारलंच नाही.

हे तुझ्या मराठीचं उत्तर धर. हसणारे हसतील, आठवडाभर. त्यानंतर अक्कलकोटहून, विजापूरहून आलेली एखादी कन्नड आजी रात्री दोन वाजता नळी ओढून काढायला लागेल, वॉर्डात कुणालाच तिचं बोलणं कळणार नाही, आणि मग तुला दुसऱ्या मजल्यावरून बोलावणं येईल. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात हे अर्जात वरच लिही, शेवटी ‘छंद’ वगैरेंच्या ओळीत नको. इंग्रजीत तुला चार गोष्टी हव्यात: हँडओव्हर देता येणं, नोट्स लिहिता येणं, डॉक्टरांना फोनवर पेशंटची स्थिती सांगता येणं, औषधांची नावं बिनचूक. हे तू रोज करतेच आहेस.

पगाराबद्दल एकच सांगते, कारण आकडा शहरागणिक आणि हॉस्पिटलागणिक बदलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. शिफारस आहे, त्यामुळे सगळे पाळतात असं नाही. पण घासाघीस करताना तो वीसचा आकडा मनात असू दे. ‘हातात किती’ हे विचार आणि पीएफ कापतात का ते विचार. बेळगावचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, पुढेही तोच चालतो, नवा काढू देऊ नकोस आणि जुने पैसे घाईने काढूही नकोस.

रजिस्ट्रेशन यायला उशीर झाला आणि एखादं चांगलं हॉस्पिटल म्हणालं, की तोवर ट्रेनी म्हणून कमी पगारावर या, तर? मी जाईन, पण नेमणूकपत्रात दोन गोष्टी लिहून घेऊन: नंबर आल्या तारखेपासून स्टाफ नर्सचा पगार, आणि तोवर औषधं देण्याची जबाबदारी नोंदणीकृत सिस्टरच्या देखरेखीखाली. हे लिहून द्यायला जे कां-कूं करतील ते नंतर पगारही वाढवणार नाहीत. घरी पेशंट सांभाळायला पाठवणाऱ्या ब्युरोचेही फोन तुला येतील. पैसे रोजचे रोज मिळतात, मोह होतो. पण तो अनुभव कुठे धरत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘सिस्टर, तेवढी भाजी निवडता का?’

सासूबाईंना त्या दवाखान्याचं नाही म्हणून सांगशील तेव्हा नुसतं नाही म्हणू नकोस. एप्रिल-मेमध्ये येशील तेव्हा त्यांनाही बरोबर आण आणि तू निवडलेल्या हॉस्पिटलपासून घरापर्यंतचा रस्ता रात्री नऊ वाजता दोघी मिळून एकदा करून बघा.